विषय: पाय दाबला की गाडी दम तोडते – पंप, ट्रान्समिशन की आणखी काही?

कँटनहून

नमस्कार मंडळी,

माझी २००५ची जपानी सेडान आहे, २.४ लिटर, चार सिलिंडर, ऑटोमॅटिक, वापरलेली घेतलेली, १ लाख ८० हजार मैल झालेत. गावात फिरताना काही कळतसुद्धा नाही, पण इथे मिशिगनमध्ये ॲन आर्बरला बार्टन ड्राइव्हवरून एम-१४ हायवेला लागायचं म्हणजे रॅम्प जवळपास नाहीच, थांबल्या जागेवरून एकदम पाय दाबावा लागतो, आणि नेमकी तिथेच गाडी उचलत नाही. पेडल पूर्ण खाली गेलं तरी अर्ध्या पेडलला मिळतं तेवढंच मिळतं, आरपीएम ३८०० च्या आसपास अडकतो, मागून ट्रक येतोय आणि मी अजून ४० वर. चेक इंजिन लाइट नाही. एका गॅरेजने गाडीला हात न लावता फ्यूएल पंपाचं एस्टिमेट दिलं, दुसऱ्याने ट्रान्समिशन गेलं म्हणून सांगितलं. आई-बाबा पुढच्या महिन्यात येतायत, त्यांना बसवून हायवेला जायची हिंमत होत नाहीये. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

फार्मिंग्टन हिल्सहून

ताई, खर्चात पडायच्या आधी साधं बघून घ्या. एअर फिल्टरचा डबा उघडा, आपल्याकडे हिवाळ्यात उंदीर त्यात घरटं करतात, मी स्वतः पानं आणि इन्सुलेशनचा गोळा काढलाय एका गाडीतून. मग एमएएफ सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा, तो साफ करा, त्याचा स्वतंत्र क्लीनर मिळतो दहा-बारा डॉलरला, तोच वापरा, ब्रेक क्लीनर नको आणि सेन्सरच्या आतल्या तारेला बोट लावू नका. स्पार्क प्लग कधी बदललेत?

ट्रॉयहून

अगं, एकही पार्ट विकत घेऊ नकोस अजून. मी रिटायर होईपर्यंत इंजिन टेस्टिंगमध्येच होतो, आणि पार्ट बदलत बदलत रोग शोधणं बघितलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण ही तक्रार मोजून पकडता येणाऱ्यातली आहे.

आधी ट्रान्समिशन. ते घसरत असेल तर आरपीएम वर पळतो आणि स्पीड मागे राहतो. तुझा तर आरपीएमच वर जात नाहीये, म्हणजे इंजिनच कमी पडतंय. तो खर्च सध्या डोक्यातून काढ.

आता इंजिनाला फुल पेडलवर तीन गोष्टी लागतात, पेट्रोल, ठिणगी आणि श्वास. ठिणगी कमी पडली तर गाडी झटके मारते, भारतातले मेकॅनिक म्हणायचे ना मिसिंग मारते, तसं. लोड आला की सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं आणि प्लगच्या गॅपमधून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून प्लगला व्होल्टेज देणारी कॉइल कच्ची असेल तर हळू चालवताना निभावून नेते आणि चढावर दगा देते. तुझी झटके मारते की नुसती जड होते ते सांग. नुसती जड असेल तर उरलं पेट्रोल किंवा श्वास, आणि श्वास म्हणजे आत घेणं आणि बाहेर सोडणं दोन्ही.

हे ओळखायला १९९६ पासून इथे विकलेल्या प्रत्येक पेट्रोल गाडीत ओबीडी-टू पोर्ट आहे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायची जागा, स्टिअरिंगच्या खाली. वीसेक डॉलरचा ब्लूटूथ डोंगल घे, फोनवर ॲप टाक, आणि पाच गोष्टी रेकॉर्डला लाव: आरपीएम, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप), एमएएफचे ग्रॅम पर सेकंद, लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते) आणि एक्झॉस्टमधल्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज. पुढचा सेन्सर बऱ्याच जपानी गाड्यांत एअर-फ्यूएल रेशो प्रकारचा असतो, त्याचं व्होल्टेज वेगळं वाचावं लागतं, म्हणून मागचा बघ. रिकाम्या सरळ रस्त्यावर, शेजारी कोणीतरी फोन धरून बसलेलं पाहिजे, गाडी दुसऱ्या गिअरला ठेव आणि पेडल पूर्ण दाब, स्पीड लिमिटच्या आतच होतं सगळं. बार्टन ड्राइव्हला हा प्रयोग करू नकोस बाई.

व्होल्टेज ०.१-०.२ ला कोसळलं तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे पंप, फिल्टर, रेग्युलेटर तिकडे बघायचं. ०.८ च्या वर टिकून राहिलं तर पेट्रोल पुरतंय आणि पंप निर्दोष आहे.

कँटनहून

काका, खूप खूप आभार, इतकं समजावून कोणी सांगितलंच नव्हतं. झटके अजिबात नाहीत, नुसती जड होते, आणि सीटखालून गरम वास येतो कधीकधी. एअर फिल्टर स्वच्छ, उंदीर नाही. प्लग आधीच्या मालकाने बदललेत, त्याच्या रिसीटा ग्लव्ह बॉक्समध्ये होत्या, त्यात दोन नंबरच्या सिलिंडरची कॉइलपण आहे आणि कोड लिहिलाय पी०३०२.

काल नवऱ्याला शेजारी बसवून रेकॉर्ड केलं. आरपीएम ३८००, थ्रॉटल पूर्ण उघडा, एमएएफ ४४, मागचा सेन्सर ०.८५ आणि तिथेच राहिला. लाँग टर्म ट्रिम शांत चालवताना अधिक ३ टक्के.

ट्रॉयहून

शाब्बास, आता बोलता येतं.

हिशोब बघ. चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपली पूर्ण २.४ लिटर हवा ओढतं. ३८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ६३ फेऱ्या, त्याच्या निम्मे ३१-३२ वेळा २.४ लिटर, झाले ७६ लिटर. हवा लिटरला साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे ९० ग्रॅम शंभर टक्के भरलं तर. चांगलं इंजिन फुल थ्रॉटलला ८०-८५ टक्के तरी भरतं, म्हणजे ७२-७६ ग्रॅम दिसायला हवे होते. तुझं ४४, त्या ९० च्या निम्म्यावर.

एमएएफच खोटं सांगत नसेल कशावरून? ट्रिमवरून. तो कमी दाखवत असता तर ईसीयूने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने, पेट्रोल कमी टाकलं असतं, मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं असतं आणि ट्रिम अधिक १५-२० ला जाऊन बसला असता. तीन टक्के म्हणजे सेन्सर खरं बोलतोय, हवा खरोखरच कमी जातेय. पेट्रोल पुरतंय. फिल्टर साफ आहे, थ्रॉटल उघडतोय. मग हवा आत का जात नाही? कारण जळलेली बाहेर पडत नाहीये. पुण्यातल्या मेकॅनिकच्या भाषेत सायलेन्सर चोक झालाय, फक्त इथे चोक होतो तो बहुतेक वेळा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा.

आणि ती पी०३०२ ची रिसीट महत्त्वाची आहे. तो कोड म्हणजे दोन नंबरचं सिलिंडर मिसफायर होतंय, पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि तशीच गाडी चालवली की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते, एकदा वितळून गोळा झाली की परत उघडत नाही. म्हणूनच चेक इंजिन लाइट नुसता लागला तर गॅरेजपर्यंत जाता येतं, पण लुकलुकायला लागला तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. हे सगळ्यांनी घरी सांगून ठेवा, विशेषतः नवीन चालवणाऱ्या मुलांना.

तरीही कन्व्हर्टर मागवायच्या आधी प्रेशर मोज. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या भोकात बॅक प्रेशर गेज (अडलेल्या धुराचा दाब मोजणारं) लावायचं, पार्ट्सच्या दुकानात डिपॉझिट ठेवून वापरायला मिळतं. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या आत पाहिजे. सेन्सरला २२ मिलिमीटरचा खाच असलेला सॉकेट लागतो, इंजिन थोडं कोमट असताना काढ, आपल्या मिठाच्या रस्त्यांनी सगळं धरून बसलेलं असतं, आदल्या रात्री पेनेट्रेटिंग ऑइल मारून ठेव.

नोवायहून

काका मधेच विचारतो, मिशिगनमध्ये गाडीची तपासणी होतच नाही, मग नवीन कन्व्हर्टर कशाला, तो काढून सरळ पाइप टाकला तर चालणार नाही का? पाचशे-हजार डॉलर वाचतील.

ट्रॉयहून

नाही, भाऊ. राज्य तपासत नसलं तरी फेडरल क्लीन एअर ॲक्टमध्ये कन्व्हर्टर काढणं बेकायदेशीर आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी कार्बन मोनॉक्साइड जाळायचं काम तोच करतो. हिच्या गाडीत मागे आई-बाबा बसणार आहेत, हिवाळ्यात गॅरेजमध्ये गाडी गरम करत ठेवणारी माणसं आपण, त्यात पैसे वाचवू नयेत.

कँटनहून

मोजलं! २५०० ला ७ पीएसआय. आणि एक गंमत, गेज काढल्यावर भोक उघडं असताना सुरू केली तर आवाज प्रचंड, पण रेस दिली की सुई सरळ ५००० च्या वर गेली, इतके दिवस कधी गेली नव्हती. रबरी हातोडीने कन्व्हर्टरवर ठोकलं तर आत खडखडतं. पंपाचं एस्टिमेट फाडून टाकलं.

ट्रॉयहून

मग झालं निदान. सुटलेले तुकडे मागच्या मफलरमध्येही जाऊन अडकतात, तोही काढून हलवून बघायला सांग, नाहीतर नवीन कन्व्हर्टर लावून तक्रार तशीच राहते. गॅस्केट आणि स्प्रिंग बोल्ट नवीनच घे, जुने गंजून तुटणार. कन्व्हर्टरची ८ वर्षं किंवा ८० हजार मैलांची फेडरल वॉरंटी तुझी केव्हाच संपली, तेव्हा आफ्टरमार्केट, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा, घ्यावा लागेल, फक्त तुझ्याच प्रकारच्या इंजिनाला ईपीए या फेडरल पर्यावरण खात्याच्या नियमांनुसार चालणारा आहे का ते दुकानात विचारून घे, कोणताही वेल्ड करून बसवू देऊ नकोस.

लावायच्या आधी चारही सिलिंडरचा मिसफायर काउंट, म्हणजे किती वेळा मिसफायर झालं ते, बघ, आणि तेल किती खातेय तेही, दर हजार मैलांना डिपस्टिक. तेल खात असेल तर नवीन कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाईल. काउंट शून्य आला की इथे कळव, मग ऑर्डर कर.

फार्मिंग्टन हिल्सहून

ताई, २२चा सॉकेट आणि जॅक स्टँड माझ्याकडे आहेत, शनिवारी दुपारी घरीच आहे. मफलर खाली उतरवायला दोन माणसं लागतील, नोवायवाल्या भाऊंनी पण यावं.