शब्दचर्चा: ‘मायोकार्डियल इंज्युरी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (देवळी तालुका, वर्धा)
बाबांची अँजिओप्लास्टी नागपूरला झाली. डिस्चार्ज कार्डावर ‘मायोकार्डियल इंज्युरी, लक्षणे नाहीत’ असं लिहिलं आहे. गावात कोणी म्हणतं अटॅक आला असेल, कोणी म्हणतं डॉक्टरच्या हातून काही लागलं. बाबांच्या छातीत कळ नव्हती, जीवही घाबरला नाही. त्यांना समजेल असा शब्द हवा आहे.

उत्तर (निवृत्त परिचारिका, वर्धा)
आधी ‘अटॅक’ बाजूला ठेवा. ‘मायोकार्डियम’ म्हणजे हृदयाचा स्नायू. त्याच्या पेशींत ट्रोपोनिन नावाचं प्रथिन असतं. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरतं. अँजिओप्लास्टीत मनगटातून किंवा जांघेतून नळी नेऊन हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत फुगा फुगवतात, तेव्हा बाजूची बारीक शाखा बंद होऊ शकते, नाहीतर आत साचलेल्या, फुग्याने दाबलेल्या चरबीच्या थराचे कण पुढे वाहत जाऊन केसाएवढ्या वाहिन्यांत अडकतात. तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. ठरवून केलेल्या, सुरळीत पार पडलेल्या अँजिओप्लास्टीनंतरही हे बरेचदा सापडतं, त्यामुळे याचा अर्थ कुणाची चूक झाली असा होत नाही. मी ‘मुका मार’ म्हणेन.

उत्तर (मराठीचे शिक्षक, आर्वी)
ताई, ‘मुका मार’ मला उलटा वाटतो. मुका मार ठणकतो, पण वरून जखम दिसत नाही. इथे ठणका नाही आणि इजा तपासणीत दिसते. ‘दुखापत’ही नको, त्यात ‘दुख’ आहे. ‘इजा’ अरबीतून आला, मूळ अर्थ त्रास, छळ. पण आज आपण ‘पिकाला इजा’, ‘डोळ्याला इजा’ म्हणतो, तिथे वेदना असलीच पाहिजे असं नाही. म्हणून लिहिताना ‘हृदयस्नायूला इजा’ चालेल. ‘छुपा झटका’ तर अजिबात नको. त्या दोन शब्दांनी घरातली माणसं रात्रभर जागी राहतात.

उत्तर (परिचारिका)
पटलं सर. ‘झटका’ नको याला वैद्यकीय कारणही आहे. हृदयविकाराच्या झटक्याच्या 2018 च्या जागतिक व्याख्येत इजा आणि झटका वेगळे ठेवले आहेत. ट्रोपोनिन सामान्य मर्यादेच्या वर चढलं की ती इजा. अँजिओप्लास्टीमुळे झालेला झटका म्हणायला, आधीचा आकडा सामान्य असेल तर, 48 तासांत तो त्या मर्यादेच्या 5 पटींहून वर जावा लागतो आणि सोबत पुरावा लागतो: ईसीजीत नवा बदल, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या भिंतीची हालचाल मंदावलेली, किंवा अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या एक्स-रे चित्रात) शाखा बंद पडलेली. नुसत्या आकड्यावर झटका ठरत नाही. बायपासनंतर तर हीच रेघ 10 पटींवर आहे.

मात्र ‘काहीच नाही’ असंही बाबांना सांगू नका. वाढ थोडी असेल तर बहुधा फार अर्थ काढत नाहीत, मोठी असेल तर डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात. प्रक्रियेआधीचा आकडा काय होता हेही विचारा. किडनीचा आजार किंवा हृदय कमजोर असेल तर ट्रोपोनिन आधीपासूनच वाढलेलं असू शकतं, मग तुलना कशाशी करणार?

प्रश्नकर्ता
आकडा कार्डावर आहे, आधीचा नाही. पुढच्या भेटीत विचारतो. पण ‘हृदयस्नायू’ म्हटलं की बाबा नुसते पाहत राहतात.

उत्तर (शिक्षक)
मग नाम सोडा, क्रियापद घ्या. आपल्याकडे ‘लागणं’ आहेच. वखरताना पायाला लागतं, कामाच्या भरात कळत नाही, धुऱ्यावर बसल्यावर रक्त दिसतं. कोणी विचारलं तर माणूस म्हणतो, ‘लागलं, पण दुखलं नाही.’ बाबांना हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही.

उत्तर (परिचारिका)
अगदी बरोबर. मी वॉर्डात असते तर असं सांगितलं असतं: ‘काकाजी, तुमाले अटॅक नाही आला. फुगा फुगवला तवा हृदयाच्या मासाले थोडसक लागलं, ते रक्ताच्या तपासणीत दिसलं. दुखलं नाही म्हणून गोया बंद नका करू.’

शेवटचं वाक्य गाळू नका. स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलेला असेल तर रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या मनाने थांबवल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. आणि छातीत दाब, दम किंवा घाम आला, तर कार्डावर काहीही लिहिलेलं असो, त्याच घडीला दवाखाना गाठा.