नक्कल म्हणावी का?

अमेरिकेतलं जुनं जॅझ जसंच्या तसं वाजवणारे बँड म्हणजे निव्वळ नक्कल, ‘संग्रहालयातलं संगीत’, असं कुणी म्हटलंय. अर्धं पटलं. गंमत म्हणजे जुन्या जॅझच्या भक्तांनी संगीताबरोबर रेकॉर्डिंगच्या अडचणीही उचलल्या. १९२३ मध्ये कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरचा बँड रेकॉर्डिंगसाठी आवाज गोळा करणाऱ्या भोंग्यासमोर वाजवत होता, मायक्रोफोन नव्हताच. मोठ्या ढोलाच्या दणक्याने तबकडीवर खाच कोरणारी सुई उडायची, म्हणून बँडचा ड्रमवादक बेबी डॉड्सने लाकडी ठोकळ्यांवर टकटक करून वेळ भागवली. पुढे काहींनी तीच टकटक ‘अस्सल शैली’ म्हणून घोटली!

पण मग त्या जुन्या जमान्यातलाच ट्रंपेटवादक बंक जॉन्सन, त्याचं काय? दात गेले, ट्रंपेट सुटला आणि गडी लुइझियानात भाताच्या शेतावर राबत होता. शौकिनांनी त्याला हुडकून काढलं, नामवंत जॅझवादक सिडनी बेशेच्या दंतवैद्य भावाने कवळी करून दिली आणि १९४२ मध्ये त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. सूर कुठेकुठे घसरतात, दमही पुरत नाही (कवळीवर ट्रंपेट फुंकून बघा एकदा). तरी क्लॅरिनेटवर जॉर्ज लुईस आला, की ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन ही तीन वाद्यं एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालतात, सगळी एकदम, आणि तरी गोंगाट होत नाही. याला नक्कल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.