सीपीआरनंतर पेशंट शुद्धीवर नाही: कूलिंग मशीन नसलेल्या आयसीयूत टेंपरेचर कसं सांभाळायचं?

सिस्टर_निपाणी
सहा खाटांचं आयसीयू, कूलिंगचं मशीन नाही. हृदय परत सुरू झालं पण शुद्ध आली नाही, अशा पेशंटसाठी भिंतीवर जुनं पान आहे: ३३ डिग्री, २४ तास, काखेत-जांघेत बर्फ. आताचे डॉक्टर म्हणतात, ३३ सोडा, ताप येऊ देऊ नका, झालं. मग पानावर लिहायचं काय? फ्रिजमधलं सलाईन चढवायचं का? काखेतलं टेंपरेचर चालतं का? आणि कोल्हापूरला किंवा बेळगावला हलवताना गाडीत बर्फ लावायचा का?

टिळकवाडी_भूलतज्ज्ञ
सिस्टर, पान राहू दे, आकडे बदला. ३३ डिग्री आली ती २००२ च्या दोन अभ्यासांतून, एक युरोपातला आणि एक ऑस्ट्रेलियातला. पण तुलनेच्या गटात तापाला कुणी अडवलं नव्हतं. म्हणजे फायदा गारव्याचा की ताप टळल्याचा, हे उलगडलंच नाही. २०१३ ला ३३ आणि ३६ समोरासमोर ठेवले, फरक नाही. २०२१ च्या मोठ्या अभ्यासात ३३ विरुद्ध नुसतं ताप टाळणं: सहा महिन्यांत मृत्यू ५० आणि ४८ टक्के. उलट रक्तदाब ढासळवणारी हृदयाची बिघडलेली लय ३३ च्या गटात २४ टक्के, दुसऱ्यात १७. शॉक न लागणाऱ्या लयीच्या (म्हणजे हृदय थांबलं तेव्हा विजेचा झटका देऊन उपयोग नव्हता अशा) पेशंटांत २०१९ च्या फ्रेंच अभ्यासाने ३३ च्या बाजूने कौल दिला होता, म्हणून काहीजण ते अजून धरून आहेत. मशीन नसलेल्या ठिकाणी माझं मत स्पष्ट आहे: ३३ च्या मागे लागू नका.

पानावर लिहा: सांगितलेलं ऐकत नाही असा पेशंट, टेंपरेचर ३७.५ किंवा खाली, ३६ ते ७२ तास. पेशंट आला तेव्हाच ३४-३५ असेल तर ब्लँकेट टाकून तापवू नका, आपोआप सावकाश चढू दे. तासाला अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त चढलं तर मात्र रोखा. आणि हे सगळं ईसीजी, रक्तदाब, ऑक्सिजनच्या बरोबरीने. टेंपरेचरपायी अँजिओग्राफी थांबवायची नाही.

स्टाफ_वडगाव
बर्फ हा शेवटचा उपाय आहे हो. पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी (लिव्हर बघून), एसी १८-२० वर, अंगावर पातळ चादर, इथून सुरुवात. मग कोमट पाण्याने अंग पुसून पंखा. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, एका लिटरमागे साधारण ५८० किलोकॅलरी. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं. जुलैत खानापूरकडे हवा इतकी ओली की पाणी अंगावरच बसतं, तेव्हा एसीशिवाय पंखा म्हणजे नुसता आवाज.

बर्फ लावायचाच तर कपड्यात गुंडाळून, मानेच्या बाजूला शिरा दाबल्या जाणार नाहीत असा. दर तासाला कातडी बघायची. हव्या आकड्याच्या अर्धा डिग्री आधीच काढा, नाहीतर टेंपरेचर खालीच घसरत जातं.

खरं काम बिघडवतं ते हुडहुडी. ऑक्सिजनची गरज दुप्पट होऊ शकते आणि गारवा वाया जातो. डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळते: जबड्यावर आणि छातीवर तळहात ठेवा, थरथर लागेल. मॉनिटरवर ईसीजीची रेघ केसाळ दिसते. उपाय उलटा वाटेल, पण हात-पाय गरम ठेवा, मोजे, टॉवेल. कातडीकडून मेंदूला जाणारा गारठ्याचा निरोप कमी होतो.

सिस्टर_निपाणी
मोजे घालायला आजपासून सुरू करतो. तरी थांबली नाही तर? हुडहुडीवर देतात ते पेथिडीन आमच्याकडे नाही. ट्रॅमाडॉल चालेल का?

टिळकवाडी_भूलतज्ज्ञ
नको. हुडहुडीवर चालतं, पण झटक्यांचा (फिट्सचा) धोका वाढवतं, आणि या मेंदूला आधीच झटके येऊ शकतात. पेथिडीनलाही तोच दोष आहे. मॅग्नेशियम, मग फेंटानिल (वेदनाशामक) आणि प्रोपोफॉल (झोपेचं औषध). स्नायू शिथिल करणारं औषध सर्वांत शेवटी आणि व्हेंटिलेटरवरच. ते दिलं की झटके दिसत नाहीत, आत मात्र चालू असू शकतात.

गार सलाईनबद्दल: सिएटल भागात ॲम्ब्युलन्समध्ये ४ डिग्रीचं दोन लिटरपर्यंत देऊन बघितलं, निकाल २०१४ ला आला. जगण्यात फायदा नाही, वर हृदय पुन्हा थांबणं आणि फुप्फुसात पाणी वाढलं. फ्रिजमधली बाटली तशीच राहू दे.

बायोमेडिकल_उद्यमबाग
काखेतलं टेंपरेचर या कामाला चालत नाही, कपाळावरची बंदूक तर नाहीच. अन्ननलिकेतला प्रोब (टेंपरेचर मोजणारी तार) सर्वांत चांगला, टोक हृदयामागे. एक्स-रेत बघून घ्या. मूत्राशयातला प्रोब लघवी कमी झाली की खोटं सांगतो. गुदद्वारातला मागे राहतो, टेंपरेचर झपाट्याने बदलताना त्याच्यावर विसंबू नका.

एक घोळ नेहमी होतो. प्रोबच्या दोन जाती असतात, ४०० आणि ७०० सिरीज; मॉनिटर ४०० चा आणि प्रोब ७०० चा लावला जातो. आकडा येतो, पण चुकीचा. जुन्या, हेडफोनसारख्या गोल पिनेत ४०० ची मोनो आणि ७०० ची स्टिरिओ असते. तपासायला ४०० चा प्रोब ३७ डिग्रीच्या पाण्यात धरा, मल्टिमीटरवर १३५५ ओहमच्या आसपास यायला हवा. केबलच्या जागी १३५५ ओहम जोडले तर मॉनिटरने ३७ दाखवायला पाहिजे.

१०८_खानापूर
गाडीत बर्फ नको. एसी चालू, ब्लँकेट काढून पातळ चादर, बस्स. वाटेत लक्ष रक्तदाब, ऑक्सिजन ९४ ते ९८ आणि श्वासाच्या नळीवर. आधी फोन करून विचारा: आत आयसीयूची खाट आहे का, चोवीस तास अँजिओग्राफी होते का. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं, पण जवळचं दार बंद असलं तर काय उपयोग? चिठ्ठीवर हृदय परत सुरू झाल्याची वेळ, दिलेली औषधं आणि शेवटचं टेंपरेचर कुठून मोजलं ते लिहा.

सिस्टर_निपाणी
आणि नातेवाईक दुसऱ्याच दिवशी विचारतात, शुद्ध येणार का नाही?

टिळकवाडी_भूलतज्ज्ञ
७२ तासांच्या आत कुणी उत्तर देऊ नये. झोपेची औषधं अंगात असली तर त्याहूनही उशिरा. थंड शरीरात आणि किडनी कमजोर असली की ती सावकाश उतरतात. डोळ्यांच्या बाहुल्यांची हालचाल, झटके, ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख), स्कॅन, सगळं एकत्र बघून बोलायचं. एकाच खुणेवर नाही.