शब्दचर्चा : ‘दिव्यांगांची सेवा’ हा प्रयोग योग्य आहे का?

प्रश्न : मी नागपुरातील एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहते. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे असते व त्याची नोंद ठेवायची असते. आमचे काही विद्यार्थी दृष्टिहीन सहाध्यायांना पुस्तके वाचून दाखवतात, परीक्षेत त्यांचे लेखनिक होतात (म्हणजे ते सांगतात ती उत्तरे लिहून घेतात), आणि नोंदवहीत मात्र सरसकट ‘दिव्यांगांची सेवा केली’ असे लिहितात. ‘पेपर मी सोडवला, मग यांनी माझी सेवा कुठे केली?’ असे त्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांपैकी एकाने विचारले. हरकत रास्त वाटते. पण योजनेच्या नावातच ‘सेवा’ आहे. मग लिहावे काय?

उत्तर १ : ‘सेवा’ हा शब्द मुळात दोषी नाही. संस्कृत ‘सेव्’ धातूला जवळ राहणे, आश्रय घेणे, उपभोगणे अशा छटा आहेत. म्हणून औषधाचेही सेवन होते आणि तीर्थाचेही. मराठीत गुरुसेवा करणारा गुरूच्या पायाशी बसतो आणि सेवापुस्तक असणारा सरकारी नोकर पगार घेतो. दोघांपैकी कोणीही ज्याची सेवा करतो त्याच्याहून वरचा नसतो. ‘समाजसेवा’ या शब्दात मात्र सेवा करणारा हळूच वरच्या पायरीवर जाऊन बसला. आपल्याच शहरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये उभ्या केलेल्या मातृसेवा संघाच्या नावात सेवा आहे ती मातेची, आणि तिथे उपकाराचा वास येत नाही.

खरी अडचण षष्ठीची आहे. ‘रुग्णाची सेवा’ म्हटले की औषधपाणी, अंथरूण, उशाशी जागणे हे सारे डोळ्यांसमोर येते. ‘दिव्यांगांची सेवा’ या प्रयोगातून काम काय केले ते कळत नाही, फक्त कोणाचे केले तेवढे कळते, आणि जणू ती व्यक्ती असणे हेच कामाचे कारण ठरते. यावर उपाय म्हणून ‘दिव्यांगांसोबत’ असे लिहिण्याची टूम आता निघाली आहे, पण दोघांनी मिळून झाडे लावली असतील तरच ‘सोबत’ खरे. एरवी ती नुसती रंगसफेदी. केलेल्या कामाचे नाव लिहावे, हे माझे मत.

उत्तर २ : वरील मताशी सहमत आहे. मी स्वतः दृष्टिहीन असून पदवीपर्यंतच्या सर्व परीक्षा लेखनिकाच्या मदतीने दिल्या. आम्ही बोलताना ‘रायटर’च म्हणतो, ‘लेखनिक’ अर्जावर येतो. हे काम सेवेपेक्षा कारकुनीच्या जवळचे आहे, आणि ते चांगले होण्यासाठी दयेपेक्षा शुद्धलेखन अधिक लागते. मी ‘परीक्षा’ सांगावे आणि समोरच्याने ‘परिक्षा’ लिहावे, म्हणजे गुण माझे जातात. पुन्हा, लेखनिकाने आपल्या मनाने उत्तर सुधारायचे नसते, हे तर चाकरीहूनही कडक बंधन आहे. नागपुरात सीताबर्डीवर रस्ता ओलांडताना जो हात धरून ओढत नेतो त्यालाही आपण सेवा केली असेच वाटते. आपला कोपर पुढे करून आम्हाला तो धरू देणारा डोळस सोबती निराळा. त्या कामाला ‘सोबत करणे’ हा शब्द पुरेसा आहे.

उत्तर ३ : ‘दिव्यांग’ या शब्दाबद्दल थोडेसे. अशा व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या १९९५ च्या कायद्याच्या मराठी नावात ‘अपंग’ होते, २०१६ च्या कायद्यासाठी ‘दिव्यांग’ रूढ झाले. कायद्याने मानलेले दिव्यांगत्वाचे प्रकारही ७ वरून २१ झाले. शासकीय नोंदीत तोच शब्द लिहावा लागणार. मात्र त्यातील ‘दिव्य’ अनेकांना खटकते, म्हणून जिथे अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग असे नेमके सांगता येते तिथे तेच सांगावे. ‘मूकबधिर’ टाळावे, कारण ऐकू न येणाऱ्या बहुतेकांच्या वाचेत दोष नसतो.

प्रश्नकर्ती : आभार. आता नोंद अशी करून घेते : ‘पदवी परीक्षा, मराठीचा पेपर, काम : लेखनिक.’ लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला ताशी किमान २० मिनिटे जादा मिळतात, तेव्हा तीन तासांच्या पेपरापुढे तास ३ नव्हे, ४ लिहावे लागतील. आजवर आमची मुले ३ च लिहीत होती.