ऑटिस्टिक मुलाला गळाने मासे धरण्याची इतकी ओढ का असावी?

गोदाकाठची आई (गंगाखेड, जि. परभणी)

माझा मुलगा 15 वर्षांचा आहे. तो 5 वर्षांचा असताना त्याला ऑटिझम असल्याचे निदान झाले. तो मोजके बोलतो, आणि बोलला तर बहुधा त्याच्या आवडीच्या एखाद्याच विषयावर बोलतो. शाळेच्या बाकावर 20 मिनिटे बसणे त्याला जड जाते, आणि लग्नात बँड सुरू झाला की तो कान झाकून घराकडे पळतो. असा हा मुलगा गेल्या दिवाळीपासून शेजारच्या मामांबरोबर गंगेवर (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) गळ घेऊन जातो आणि सकाळी सहापासून नऊपर्यंत जागचा हलत नाही. बस पाच मिनिटे उशिरा आली तर ज्याचा सगळा दिवस बिघडतो, तो तीन तासांत एकही मासा लागला नाही तरी शांतपणे तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) गुंडाळून घरी येतो. हे कसे घडते, ते मला मनापासून समजून घ्यायचे आहे.

दुसरी अडचण घरातली आहे. माझे सासरे माळकरी आहेत, दरवर्षी आषाढीची वारी करतात. जनाबाईच्या गावात राहून, गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाच्या नातवाने मासे धरावेत, हे त्यांना सहन होत नाही. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणू शकत नाही, कारण आमच्या घरात अंडेदेखील येत नाही. दुसरीकडे, मुलगा पहिल्यांदाच एखाद्या ठिकाणी स्वतःहून आणि आनंदाने जातो आहे, आणि तीही जागा मी बंद केली तर त्याच्याकडे काय उरेल, हा विचार मला झोपू देत नाही. ज्यांना या दोन्ही गोष्टींचा अनुभव आहे, त्यांनी कृपया लिहावे.

मांजराकाठ (लातूर)

ताई, मी स्वतः ऑटिस्टिक आहे. माझे वय 34 असून निदान 29 व्या वर्षी झाले, पण गळ मी नऊ वर्षांचा असल्यापासून टाकतो. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आतून देऊ शकेन असे वाटते, अर्थात ते माझ्यापुरतेच.

लोक म्हणतात की आम्हाला अनिश्चितता चालत नाही, आणि मासेमारी तर सगळी अनिश्चिततेचीच, मग ती कशी चालते? माझ्या अनुभवात फरक असा आहे की पाण्याकाठी अनिश्चित गोष्ट एकच असते. मासा लागेल की नाही, एवढेच ठाऊक नसते. बाकी सगळे, म्हणजे बसण्याची जागा, कणकेचा गोळा मळणे, गळाला आमिष लावणे, तंगूस फेकणे, वाट पाहणे आणि पुन्हा पहिल्यापासून तेच करणे, ठरलेले असते. लग्नघरात याच्या नेमके उलट असते: कोण येऊन काय विचारील, कोण पाठीवर थाप मारील, जेवण केव्हा होईल, यातले काहीच माहीत नसते आणि त्या प्रत्येकाला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. पाणी उत्तर मागत नाही.

दुसरी गोष्ट सोबतीची आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. गळ टाकून बसलेली दोन माणसे एकमेकांसमोर नव्हे, तर शेजारी शेजारी बसतात. दोघांची नजर पाण्यावर असते. तिथे नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि गप्प राहणाऱ्याला कोणी घुमा म्हणत नाही, कारण तिथे गप्प राहणे हाच रिवाज आहे. दोन तासांत मी चार वाक्ये बोललो तर माझ्या सोबत्याला ती पुरेशी वाटतात. माणसांबरोबर असूनही थकवा येत नाही अशी जागा मला आयुष्यात फार थोड्या ठिकाणी मिळाली आहे. तुमचा मुलगा त्या मामांबरोबर जातो, एकटा जात नाही, याकडे अवश्य लक्ष द्या. कदाचित त्याला माशांइतकेच मामाही आवडत असतील.

तिसरी गोष्ट ज्ञानाची. कटला पृष्ठभागाजवळ खातो आणि त्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. रोहू पाण्याच्या मधल्या थरात असतो. मृगळ तळाशी चरतो आणि त्याचे तोंड खाली वळलेले असते. म्हणजे तरंगीपासून (दोरीला बांधलेली, पाण्यावर तरंगणारी खूण) गळ किती खोल सोडायचा, हे माशाच्या तोंडाकडे पाहून ठरवता येते. हे मला दहाव्या वर्षी कळले तेव्हा झालेला आनंद आजही आठवतो, कारण वरून नुसते मातकट दिसणारे पाणी आत तीन मजल्यांचे आहे, हे मला समजले होते. आम्हाला ‘स्वमग्न’ म्हणतात, पण त्या वेळी मी स्वतःत मग्न नव्हतो. माझे सगळे लक्ष बाहेर, त्या तरंगीवर होते.

एक सावधगिरी मात्र आपल्या भागापुरती सांगतो. 2016 साली मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा शहरावर जे संकट होते त्याच्यापुढे माझ्या छंदाची गोष्ट फारच लहान होती. तरीही माझी रविवारची घडी पूर्णपणे विस्कटली आणि ते महिने मी अतिशय वाईट काढले. पाणी नसेल तेव्हा त्याच वेळेला, शक्य तर त्याच जागी, काय करायचे हे मुलाबरोबर आधीच ठरवून ठेवा.

विशेष शिक्षिका (छत्रपती संभाजीनगर)

वरील उत्तरातील अनुभव अभ्यासाशी बराच जुळतो. 2005 साली डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार मांडला की ऑटिस्टिक व्यक्तीचे लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर, पण फार खोलवर एकवटते, आणि ते तिथून ओढून दुसरीकडे नेणे तिला कष्टाचे जाते. त्या लेखनात वेन लॉसन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधकही होते. वर्गात लक्ष दर काही मिनिटांनी दुसरीकडे न्यावे लागते, तर पाण्याकाठी एकाच खुणेवर टिकवावे लागते. म्हणून ‘शाळेत बसत नाही, तिथे कसा बसतो’ या तक्रारीत मुलाचा हट्ट शोधू नये; दोन ठिकाणच्या मागण्याच वेगळ्या आहेत.

माझी एक कळकळीची विनंती आहे: या छंदाला उपचार बनवू नका. पालक आणि आम्ही शिक्षक मिळून मुलाच्या प्रत्येक आवडीतून काही तरी ‘साध्य’ करायला निघतो. आज किती वेळ बसला, किती शब्द बोलला, याची वही घालतो, आणि ज्या जागी त्याला कोणी मोजत नव्हते ती जागाही हिरावून घेतो.

सुरक्षिततेबाबत मात्र मी अजिबात सैल राहणार नाही. अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ऑटिस्टिक मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांनी चार वर्षांच्या वयानंतर एकदा तरी कोणाला न सांगता सुरक्षित जागेतून निघून जाण्याचा प्रयत्न केल्याचे पालकांनी सांगितले होते, आणि अशा प्रसंगांत होणाऱ्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण बुडणे हे असते. ज्याला पाण्याची ओढ आहे, तो एखाद्या दुपारी एकटाच नदीवर जाऊ शकतो, हे गृहीत धरा. त्याला पोहायला शिकवा, आणि कपडे अंगात असतानाही पोहण्याचा सराव द्या. काठावर लाईफ जॅकेट घालणे हा गळाला आमिष लावण्यासारखाच ठरलेल्या क्रमाचा भाग करा. क्रमात बसलेली गोष्ट ही मुले सहसा मोडत नाहीत. वरच्या धरणांतून किंवा बंधाऱ्यांतून पाणी सोडले की गोदावरी आपल्याकडे पाऊस नसतानाही चढते, म्हणून पावसाळ्यात निघण्यापूर्वी गावात चौकशी करणे आवश्यक आहे.

पाण्यावरून डोळ्यांवर येणारी तिरीप अनेक मुलांना असह्य होते, तेव्हा रुंद काठाची टोपी द्यावी. हाताला लागणारा चिकटपणा आणि वास त्याला नकोसा वाटत असेल, तर ओला टॉवेल जवळ असू द्यावा.

नांदेडहून एक पालक

आमचा अनुभव वेगळा आहे, आणि तोही इथे नोंदलेला असावा म्हणून लिहिते. माझी मुलगी 12 वर्षांची आहे, तीही ऑटिस्टिक आहे. कोणी तरी सुचवले म्हणून तिच्या वडिलांनी तिला विष्णुपुरीच्या बाजूला गळ टाकायला नेले. तरंगी हलेपर्यंत ती खूश होती; पण माशाच्या ओठातून गळ काढताना तिने पाहिले आणि त्यानंतर दोन आठवडे ती स्वतःच्या ओठाला हात लावून ‘काढा, काढा’ म्हणत राहिली. ऑटिस्टिक मुलांना दुसऱ्याचे दुःख कळत नाही असे जे सर्रास म्हटले जाते, ते त्या दिवसापासून मी कोणाच्याही तोंडून ऐकून घेत नाही. आता ती वडिलांबरोबर पाण्याकाठीच जाते, पण बगळे आणि पाणकावळे मोजायला. एकाचा आनंद सर्वांना लागू पडेलच असे नाही.

धरणावरचा भोई (माजलगाव)

ताई, आम्ही पिढ्यानपिढ्या मासेमारी करणारी भोई माणसे. ऑटिझमबद्दल मला या चर्चेतूनच कळले, पण पाण्याविषयी थोडे सांगू शकतो.

धरणातील व तलावातील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आणि त्यात सोडलेल्या मत्स्यबीजासाठी संस्थेने पैसे मोजलेले असतात. त्यामुळे तुमच्याकडच्या मासोळी धरणासारख्या ठिकाणी जायचे झाल्यास आधी संस्थेच्या माणसांना भेटून मुलाची ओळख करून द्यावी. यात परवानगीचा प्रश्न तर सुटतोच, शिवाय काठावरची चार माणसे त्याला ओळखू लागतात, आणि तो कधी एकटा दिसला तर लगेच तुम्हाला कळवतील. पैठणच्या नाथसागराचा परिसर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणून तिथे वन विभागाचे नियमही विचारून घ्यावेत.

मासा धरून परत सोडायचा असेल, तर गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. मग गळ सहज निघतो आणि जखम कमी होते. माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागू शकतो. शक्यतो त्याला पाण्याबाहेर काढूच नये. तरीही माशाला इजा होत नाही असे मी म्हणणार नाही. सासरेबुवांना तसे सांगू नका, ते खरे ठरणार नाही. मरळ मात्र पिल्लांच्या झुंडीसोबत दिसली तर तिला धरू नये. ती पिल्ले राखत असते, आणि ती गेली की दुसरे मासे पिल्लांचा फडशा पाडतात. ही गोष्ट मुलाला एकदा नीट सांगितली, तर तुमच्या वर्णनावरून तो ती आमच्या पोरांपेक्षा काटेकोरपणे पाळील.

गोदाकाठची आई (गंगाखेड)

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. काल मी ही सर्व उत्तरे सासऱ्यांना वाचून दाखवली. माशाला इजा होते हे भोईदादांनी स्पष्टपणे लिहिले, ते त्यांना फार पटले. कारण आतापर्यंत मी ‘त्याला काही होत नाही’ असे सांगत होते आणि त्यांचा माझ्यावर विश्वास बसत नव्हता. त्यांची संमती नाही, आणि ती मिळेल असे मला वाटत नाही. पण मासा घरी येणार नाही, गळाचा काटा दाबलेला असेल आणि एकादशीला गळ हातात घ्यायचा नाही, एवढे ठरल्यावर ते नातवाला अडवणार नाहीत.

चातुर्मासात मासेमारी पूर्ण बंद, ही अट त्यांनी घातली तेव्हा मला धास्ती वाटली होती. शेजारच्या मामांनी मात्र सांगितले की रोहू, कटला आणि मृगळ यांची वीण पावसाळ्यातच होते आणि गंगेला पूरही तेव्हाच येतो, म्हणून ती अट कोणत्याही अंगाने योग्यच आहे. मुलाने दिनदर्शिका आणून आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंतच्या सर्व तारखांवर स्वतः फुल्या मारल्या. मग त्या दिवसांत सकाळी सहा वाजता काय करायचे, असे त्याने मला तीनदा विचारले. लातूरच्या दादांनी लिहिलेले आठवून मी त्याला घाटाच्या किती पायऱ्या पाण्याखाली गेल्या हे लिहून ठेवायला सुचवले. पायऱ्या मोजायला आजोबा बरोबर येणार आहेत. पुराच्या दिवसांत त्याने वरच्या कट्ट्याच्या पुढे जायचे नाही, हे त्यांनी आजच त्याच्याकडून लिहून घेतले आहे.