एकच सर्व्हर असलेल्या कंपनीनेही तो व्हर्च्युअल करावा का? माझं मत: हो, त्यांनीच आधी करावा

सल्लागार_भोसरी (धागाकर्ता)

भोसरी, चाकण, शिरवळ या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचं आयटीचं काम मी सल्लागार म्हणून बघतो. मालकांपुढे व्हर्च्युअलायझेशनचा, म्हणजे एका खऱ्या मशिनवर सॉफ्टवेअरने वेगळे 'व्हर्च्युअल' सर्व्हर चालवण्याचा, विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं: "ते मोठ्या कंपन्यांचं हो, आमचा तर एकच सर्व्हर आहे." मला हे अजिबात पटत नाही. दहा सर्व्हर असलेल्या कंपनीचा एक बसला तर एक खातं रखडतं. एकच सर्व्हर असेल तर डिस्पॅचचं चलन निघत नाही आणि गाडी गेटवर उभी राहते. म्हणजे गरज कोणाला जास्त?

नेहमीचं चित्र सांगतो. अकाउंट्सच्या टेबलाखाली एक टॉवर सर्व्हर. त्यावर विंडोज सर्व्हर 2012 आर2, ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 10 ऑक्टोबर 2023 ला संपवला. त्याच मशिनवर टॅली, कोणीतरी पूर्वी लिहून दिलेलं ईआरपी (कारखान्याचं कामकाज बघणारं सॉफ्टवेअर), ड्रॉइंगचं शेअर फोल्डर, हजेरीच्या थंब मशिनचं सॉफ्टवेअर, वर प्रिंटरही तिथूनच शेअर केलेला. ईआरपी लिहिणारा माणूस आता फोन उचलत नाही. सेटअपची सीडी कोणाकडेच नाही. अशा वेळी मदरबोर्ड गेला तर? तोच बोर्ड, तोच रेड कंट्रोलर (डिस्क सांभाळणारं कार्ड) शोधत जुन्या बाजारात फिरायचं. जुनी डिस्क नव्या मशिनला लावून बघितली की विंडोज अर्ध्यातच निळा पडदा दाखवतं, कारण नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर त्याच्यात नसतो.

हाच सर्व्हर व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणून चालत असेल, तर त्याची अख्खी डिस्क म्हणजे एक मोठी फाईल असते. आतल्या विंडोजला खालचं खरं हार्डवेअर दिसतच नाही. त्याला दिसतो तो हायपरवायझरने, म्हणजे खऱ्या मशिनवर व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, मांडलेला ठरावीक कंट्रोलर आणि ठरावीक नेटवर्क कार्ड. ती फाईल दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या प्रोसेसरच्या मशिनवर ठेवा, तेच विंडोज तसंच उठतं. चालू सर्व्हरची अशी फाईल करायला मायक्रोसॉफ्टचंच 'डिस्क टू व्हीएचडी' नावाचं फुकट टूल आहे. शनिवारी रात्री लावून ठेवायचं, रविवारी तपासायचं.

मी साधारण दोन व्हीएम करतो. एकात टॅली आणि फाईल, दुसऱ्यात ते जुनं ईआरपी, त्याचं इंटरनेट पूर्ण बंद करून. सपोर्ट संपलेलं विंडोज ठेवणं भागच असेल, तर निदान ते कोंडून ठेवता येतं. आज एकाच विंडोजवर सगळं असल्यामुळे ईआरपीसाठी अपडेट बंद ठेवावे लागतात आणि टॅलीही त्याच धोक्यात राहते.

हे तंत्र नवखंही नाही. आयबीएमने व्हीएम/370 आणलं 1972 साली. इंटेलने 2005 मध्ये आणि एएमडीने 2006 मध्ये प्रोसेसरमध्येच त्याची सोय दिली. आज साध्या डेस्कटॉपमध्येही ती असते, फक्त बऱ्याचदा बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बंद असते. माझ्या दृष्टीने हे आता युपीएस आणि राउटरसारखं रोजच्या वापरातलं तंत्रज्ञान आहे. खर्चाचा माझा क्रमही ठरलेला आहे: आधी चांगला युपीएस, मग बॅकअप, मग व्हर्च्युअलायझेशन. नवे लॅपटॉप आणि साहेबांच्या केबिनमधला मोठा टीव्ही त्यानंतर.

कोणाला हे पटत नसेल तर कारणासकट लिहा.

एएमसीवाला_नाशिक

पटत नाही. मी अंबड आणि सातपूरला एएमसी (वार्षिक देखभालीचं काम) करतो. तुमचं सगळं बरोबर आहे, पण तुम्ही तिथे असाल तोपर्यंत. तुम्ही सेटअप करून जाता, रोजचे फोन आम्हाला येतात. लहान कंपनीत जो पोरगा येतो त्याला विंडोज येतं. होस्टचा, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतात त्या खऱ्या मशिनचा, काळा स्क्रीन दिसला की तो गप्प बसतो. मध्ये एक थर वाढवला म्हणजे बिघाडाची एक जागा वाढवली. आणि सगळं एका खुंटीला टांगल्यावर एसएमपीएस (मशिनचा पॉवर सप्लाय) गेला की दोन्ही व्हीएम एकदम आडवे.

बघितलेलं सांगतो. एका कारखान्यात कोणीतरी विंडोज अपडेटच्या आधी व्हीएमचा स्नॅपशॉट (गरज पडली तर मागे परतता यावं म्हणून त्या क्षणाची नोंद) घेतला आणि तसाच सोडला. स्नॅपशॉट घेतल्यापासून प्रत्येक बदल वेगळ्या फाईलमध्ये लिहिला जातो, ती फाईल फुगत गेली. विंडोजच्या आत बघितलं तर सी ड्राइव्हला भरपूर जागा दिसत होती. पण खाली होस्टची डिस्क शंभर टक्के भरली आणि सगळे व्हीएम जागच्या जागी थांबले. तारीख वीस, जीएसटी 3बी भरायचा शेवटचा दिवस. आतला माणूस म्हणतोय जागा आहे, मशीन म्हणतंय जागा नाही. नुसत्या विंडोजवर हा प्रकार झालाच नसता.

सल्लागार_भोसरी

स्नॅपशॉटचं म्हणणं शंभर टक्के मान्य. व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर कंपनी स्वतः सांगते की स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नका. त्याला बॅकअप समजणं हा या क्षेत्रातला सर्वात महाग गैरसमज आहे, कारण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला. म्हणून होस्टवर जागेचा अलर्ट लावल्याशिवाय मी काम सोपवत नाही. तो ईमेल मालकालाही जातो.

पण एसएमपीएसचा मुद्दा मान्य नाही. आज एकाच विंडोजवर सगळं आहे, तेव्हा एसएमपीएस गेल्यावर काय वाचतं? काहीच नाही. व्हीएम असेल तर निदान बॅकअपची फाईल दुसऱ्या साध्या पीसीवर उठवून संध्याकाळपर्यंत चलनं काढता येतात.

हिशेबनीस_ठाणे

मी अकाउंट्स बघते, आयटीतली नाही. आमच्याकडे मागच्या वर्षी असं व्हर्च्युअल करून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅली उघडली तर एज्युकेशनल मोडमध्ये! लायसन्स जुन्या मशिनशी बांधलेलं, ते आधी सरेंडर करायचं असतं, हे करणाऱ्याला माहीतच नव्हतं. शिवाय डायरेक्टर साहेबांच्या डिजिटल सहीचं टोकन आधी सर्व्हरच्या यूएसबीला असायचं. ते व्हीएममध्ये दिसेना. दोन दिवस सगळे माझ्याकडे बघत होते, जणू मीच बिघडवलं. सर, तुमच्या लोकांनी काम सुरू करण्याआधी अकाउंट्सवाल्यांशी तासभर बसून बोलायला हवं.

सल्लागार_भोसरी

ताई, तुमचं बरोबर आहे, आणि ही तक्रार मी बऱ्याच ठिकाणी ऐकतो. शिफ्टिंगच्या आधीच्या दिवशी टॅलीचं लायसन्स सरेंडर करणं हे यादीत पहिलं हवं. सहीचं टोकन मात्र सर्व्हरला कधीच लावू नका, व्हर्च्युअल असो की नसो. ती डायरेक्टरची सही आहे. सर्व्हरला कायम लावून ठेवलेलं टोकन म्हणजे सही केलेलं कोरं चेकबुक. तुमच्या पीसीला लावा, काम झालं की काढून कपाटात.

क्लाउड_बाणेर

तुम्ही दोघं चुकीच्या प्रश्नावर भांडताय. टेबलाखाली सर्व्हर हवाच कशाला? अ‍ॅझ्युअरचं सेंट्रल इंडिया रीजन (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडची डेटा सेंटर्स) 2015 पासून पुण्यातच आहे. अ‍ॅमेझॉनचं मुंबईत 2016 पासून. तिथे वीज, एसी, डिस्क बदलणं यातलं काहीच तुमच्या डोक्यावर नाही. होस्टचा काळा स्क्रीन बघायला माणूस लागत नाही, त्यामुळे नाशिकच्या भाऊंची अडचणही सुटते. भोसरीत गुरुवारी मेंटेनन्ससाठी वीज जाते म्हणून युपीएसच्या बॅटऱ्या बदलत बसणं हा काय कारखान्याचा धंदा आहे? कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायद्याच्या नियमांतल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेणं बंधनकारक आहे. लहान कंपनीत हे रोज खरंच कोण करतं? क्लाउडवर ते एकदा लावलं की होत राहतं.

सीएनसी_शिरोली

क्लाउडवाल्या साहेबांनी एकदा शॉपफ्लोअरवर यावं. आमच्याकडे जुन्या सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशिनना प्रोग्रॅम आरएस-232 या जुन्या पद्धतीच्या सीरियल केबलने जातो. सर्व्हरच्या मागे सीरियल पोर्टचं कार्ड आणि प्रोग्रॅम पाठवणाऱ्या डीएनसी सॉफ्टवेअरचं डोंगल (लायसन्सची चावी). हे क्लाउडवर कसं नेणार? प्रोग्रॅम थेंब थेंब पाठवताना मध्ये खंड पडला तर मशीन थांबतं आणि जॉबवर डाग पडतो, तो पीस स्क्रॅप. सॉलिडवर्क्सची असेंब्ली इंटरनेटवरून उघडायला लागलो तर डिझायनर चहा पिऊन येईल.

व्हर्च्युअल मात्र आम्ही केलंय. सीरियल कार्ड होस्टमधून व्हीएमला द्यायचा खूप प्रयत्न केला, रोज काहीतरी तुटायचं. शेवटी सीरियलची नेटवर्कवर चालणारी डबी घेतली आणि ती मशिनजवळच बसवली. केबलची लांबी कमी झाली आणि वेल्डिंग चालू असताना प्रोग्रॅममध्ये कचरा यायचा तोही थांबला. फायदा झाला, पण त्या डबीचं सल्लागाराने आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

क्लाउड_बाणेर

शॉपफ्लोअरचं मान्य, तिथलं तिथेच राहू दे. पण टॅली आणि मेलसाठी कारखान्यात लोखंड ठेवायचं समर्थन मला अजून मिळालेलं नाही.

परवाना_आधी_बघा

पैशांबद्दल कोणीच बोलत नाहीये. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर घेतलं आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं, आता फक्त सबस्क्रिप्शन. एका प्रोसेसरमागे किमान 16 कोरचे पैसे. तुमच्या सर्व्हरला आठ कोर असले तरी 16 चे. फुकटचं ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचं हायपरवायझर) फेब्रुवारी 2024 मध्ये काढून घेतलं, एप्रिल 2025 मध्ये परत दिलं. अशा लहरीवर वीस माणसांच्या कंपनीने का अवलंबून राहावं?

दुसरं म्हणजे विंडोज. स्टँडर्ड लायसन्समध्ये एका होस्टवर दोन विंडोज व्हीएम बसतात. तिसरा हवा असेल तर त्या होस्टच्या सगळ्या कोरचं लायसन्स पुन्हा घ्यायचं. सर्व्हरबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्या लोखंडालाच चिकटलेलं असतं. सल्लागार साहेब म्हणतात फाईल उचला आणि दुसऱ्या मशिनवर ठेवा. फाईल जाईल, परवाना जाणार नाही. हे मालकाला आधी सांगता का?

सल्लागार_भोसरी

सांगतो, कोटेशनमध्येच लिहून देतो. म्हणूनच मी दोन व्हीएमवर थांबतो. ओईएमऐवजी व्हॉल्यूम लायसन्स घ्यायला लावतो, थोडं महाग पडतं पण मशीन बदलल्यावर उपयोगी येतं.

व्हीएमवेअरबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. लहान कंपनीत मी आता ते सुचवतच नाही. घेतलेल्या विंडोज सर्व्हरमध्येच हायपर-व्ही हे मायक्रोसॉफ्टचं हायपरवायझर असतं आणि त्याच्या खिडक्या नाशिकच्या भाऊंच्या पोरालाही ओळखीच्या वाटतात. लिनक्स जाणणारा माणूस हाताशी असेल तर प्रॉक्समॉक्स. ते व्हिएन्नातल्या कंपनीचं आहे, 2008 पासून चालू आहे, आणि खाली लिनक्स कर्नलमधलंच केव्हीएम (व्हीएम चालवायची सोय) वापरतं. 2024 मध्ये त्यांनी ईएसएक्सआयवरचे व्हीएम सरळ ओढून घ्यायची सोयही दिली. एक काळजी घ्या: त्यावर झेडएफएस (डिस्कवर डेटा मांडायची एक पद्धत) लावून साधे घरगुती एसएसडी टाकू नका. सतत लिहून लिहून ते लवकर झिजतात. वीज गेल्यावर हातातलं लिहिणं पूर्ण करणारे सर्व्हरचे एसएसडी घ्या.

बाणेरच्या मित्रांना एवढंच: मेल क्लाउडवर हवाच, तिथे वाद नाही. टॅलीचा व्हीएमही उद्या तिकडे नेता येईल. आधी तो व्हीएम तर होऊ द्या. आज तो लोखंडात रुतून बसलाय, त्यामुळे कुठेच हलत नाही.

एएमसीवाला_नाशिक

हायपर-व्ही म्हणत असाल तर माझा विरोध निम्मा झाला. उरलेला निम्मा सांगतो. तुम्ही म्हणता साध्या पीसीवर संध्याकाळपर्यंत उठवता येतं. किती कंपन्यांत हे करून बघितलेलं असतं? मी जिथे जिथे गेलो तिथे 'बॅकअप सक्सेसफुल'चे ईमेल होते, पण रिस्टोअर कोणी कधी केलेलं नव्हतं. दर तीन महिन्यांनी सुट्टीच्या दिवशी बॅकअपमधून व्हीएम दुसऱ्या मशिनवर उठवून, अकाउंट्सच्या माणसाला बोलावून एक व्हाउचर उघडून दाखवा. हे एएमसीच्या करारात लिहून द्यायला तयार असाल आणि मालक त्याचे पैसे द्यायला तयार असेल, तर मी तुमच्या बाजूने. नाहीतर जुनं विंडोज मला परवडलं, निदान ते कुठे बिघडतं हे मला पाठ आहे.

सल्लागार_भोसरी

करारात लिहून देतो. एक वाढवा: रिस्टोअर केलेला व्हीएम नेटवर्कपासून तोडूनच चालू करायचा. नाहीतर एकाच नावाचे, एकाच आयपीचे दोन सर्व्हर समोरासमोर येतात आणि चालू कामात घोळ होतो.

हिशेबनीस_ठाणे

व्हाउचर बघायला मी सुट्टीच्या दिवशी यायला तयार आहे, फक्त 31 मार्चच्या आसपास नको. एक विचारायचं होतं. आमची बॅकअपची डिस्क कायम सर्व्हरलाच लावलेली असते. ती काढून ठेवायची का? आयटीवाला म्हणतो काढली तर रात्रीचा बॅकअप होणार नाही.

सल्लागार_भोसरी

ताई, दोन डिस्क घ्या. एक लावलेली, दुसरी कपाटात. दर सोमवारी अदलाबदल करा, त्यामुळे रात्रीचा बॅकअपही चुकणार नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्ज नावाच्या रॅन्समवेअरने जगभर होस्टवरच हल्ला केला होता आणि व्हीएमच्या फाईली कुलूपबंद केल्या होत्या. बहुतेक होस्ट पॅच न केलेले, इंटरनेटला उघडे ठेवलेले होते. अशा वेळी लावलेली डिस्कही त्याच्याबरोबर जाते. कपाटातली डिस्क कोणाच्या ताब्यात आहे आणि शेवटची कधी बदलली, हे एका वहीत लिहून ठेवा आणि दर सोमवारी सही घ्या.

सीएनसी_शिरोली

कपाट सर्व्हरच्याच खोलीत नको. आमच्या शेजारच्या युनिटमध्ये 2019 च्या पुरात सर्व्हर आणि कपाट दोन्ही पाण्यात होते.