सोसायटी ग्रुप: प्रदर्शनातला कुकर

बी-२०३ काकू: विश्रामबागच्या मैदानावर गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन लागलेलं ना, तिथनं मी स्टीलचा कुकर-कढई सेट घेतला. ४,२०० चा. कुकरची वाफ झाकणाच्या कडेनंच जाते, शिट्टी म्हणून होत नाही. आज गेले तर मांडवाचे बांबू उतरवत होते. स्टॉलवाल्याचा नंबर आहे का कुणाकडं?

ए-१०२ अण्णा: सोडा नाद काकू. तो आता कराडात नाहीतर कोल्हापुरात असणार. प्रदर्शनातल्या मालाची गॅरंटी मांडव असेपर्यंतच!

डी-३०१ वहिनी: काकूंबरोबर मी पण होते ओ. तेलाचा थेंब न घालता घावन काढून दाखवत होता. गर्दी एवढी, की बिल कोण वाचतंय.

सी-४०१ वकीलसाहेब: नाद कशाला सोडायचा? काकू, बिलाचा फोटो टाका. आणि कुकरवर काय काय छापलंय त्याचाही.

बी-२०३ काकू: टाकले बघा. बिलावर शिक्का आहे, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही". म्हणून मी गप्प होते.

सी-४०१ वकीलसाहेब: त्या शिक्क्याला काही अर्थ नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत न घेणं, पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायचा. बिल न देणंही त्यातच बसतं. दुकान असू दे नाहीतर मांडव, कायदा तोच.

सी-४०१ वकीलसाहेब: दुसरं म्हणजे, कुकरवर आयएसआयचा शिक्काच दिसत नाही. घरगुती प्रेशर कुकरला तो सक्तीचा आहे, त्याशिवाय विकताच येत नाही. २०२२ मध्ये असे कुकर विकले म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना दंड केलाय. शिक्का असता तरी खालचा लायसन्स नंबर बीआयएस केअर ॲपवर (हा शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेचं) टाकून बघायचा असतो, नुसता छापायला काय लागतंय.

सी-४०१ वकीलसाहेब: आणि बिलावर पत्ता नसला तरी जीएसटी नंबर आहे, हे नशीब. २४ नं सुरू होतो, म्हणजे गुजरात. आपला २७. बाहेरच्या राज्यातनं येऊन इथं स्टॉल लावायचा तर महाराष्ट्राची तात्पुरती नोंदणी लागते. हस्तकलेच्या छोट्या विक्रेत्यांना सूट आहे, कुकरवाल्याला नाही. जीएसटीच्या साइटवर हा नंबर टाकला की मालकाचं नाव आणि पत्ता निघतो. तो मी काढून देतो.

ए-१०२ अण्णा: म्हणजे ४,२०० साठी गुजरातला खेटे?

सी-४०१ वकीलसाहेब: नाही अण्णा. आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सांगलीतच. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागत नाही (माझं नुकसान करून सांगतोय). मुदत २ वर्षं. पण आधी त्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं नोटीस. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोनही करा, मात्र असल्या फिरत्या स्टॉलवाल्याला नोटीस जास्त लागू पडते असं माझं मत आहे.

डी-३०१ वहिनी: मग माझं पण बघा की. तिथनंच गालिचा घेतला, घरी आणला तर सोफ्याला रंगच जुळेना. ३० दिवस व्हायचेत अजून.

सी-४०१ वकीलसाहेब: वहिनी, तिथं काही करता येणार नाही. दोष नसताना, फक्त आवडला नाही म्हणून परत करायचा हक्क असल्या खरेदीला नाही. त्यानं बदलून देतो असं लिहून दिलं असेल तरच. हां, लोकर सांगून पॉलिस्टर दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

डी-३०१ वहिनी: काश्मिरी लोकर म्हणाला होता की!

सी-४०१ वकीलसाहेब: बिलावर काय लिहिलंय?

डी-३०१ वहिनी: "गालिचा १ नग."

ए-१०२ अण्णा: 😂

सेक्रेटरी: त्या आयोजकांचा माणूस गेटवर बॅनर लावायची परवानगी मागायला आलेला, त्याचा नंबर आहे माझ्याकडं. स्टॉलवाल्यांची यादी मागतो. देणार नसेल तर पुढच्या वेळी बॅनर नाही.

बी-२०३ काकू: अहो, यूपीआयच्या पावतीवर नाव आणि नंबर सापडला! फोन उचलला त्यानं. म्हणतोय, "रबर आणि नवी शिट्टी कुरिअर करतो, तक्रार करू नका." घेऊ का?

सी-४०१ वकीलसाहेब: घेऊ नका. शिक्का नसलेल्या कुकरला नवी शिट्टी लावून काय करणार? पैसेच मागा, आणि हे सगळं त्याच्याकडनं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोवर कुकर गॅसवर चढवू नका, पण जपून ठेवा. आयोग तपासणीला मागू शकतो.

बी-२०३ काकू: थांबा थांबा, आमच्या ह्यांनी भंगारवाल्यासाठी खाली नेऊन ठेवलाय.